मुलींची राष्ट्रीय पातळीवरची संघटना: नोंदणी आणि कारभाराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलींसाठी देशभर काम करणारी संघटना भारतात कायदेशीररीत्या उभी करायची आणि नीट चालवायची, तर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची ही उत्तरे आहेत. मुख्य कार्यालय महाराष्ट्रात आहे असे धरले आहे. दुसऱ्या राज्यात नोंदणी करणार असाल तर तिथला सोसायटी कायदा आधी पाहा: कर्नाटकाचा १९६० चा, मध्य प्रदेशाचा १९७३ चा, तमिळनाडूचा १९७५ चा, असे स्वतंत्र कायदे आहेत आणि त्यांतले बारकावे वेगळे आहेत.

अशी संघटना संसदेच्या कायद्याने स्थापन करावी लागते का?

नाही. काही देशांत तशी उदाहरणे आहेत. अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्सची सुरुवात १९१२ मध्ये झाली, १९१५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये रीतसर नोंदणी झाली आणि १९५० मध्ये तिथल्या काँग्रेसने तिला सनद दिली. ब्रिटनमधल्या गाइड्सना १९२२ मध्ये राजसनद मिळाली. आपल्याकडे मात्र ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झालेली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाइड्स असोसिएशन जिच्यात सामील झाली ती भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटनासुद्धा १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली सोसायटीच आहे. ‘राष्ट्रीय संघटना’ असा वेगळा कायदेशीर प्रकार भारतात नाही. एका राज्यात नोंदलेली संस्था, उद्देशात तसे लिहिलेले असेल तर, देशभर काम करू शकते.

न्यास, सोसायटी की कलम ८ ची कंपनी?

सार्वजनिक न्यास करायला सर्वांत सोपा, पण त्यात विश्वस्तांना कोणी निवडून देत नाही. गावोगावच्या पथकांतून वर येणाऱ्या संघटनेला हे पुढे जाचते. ‘निर्णय पाच जणी घेतात, आम्ही फक्त वर्गणी गोळा करतो’ ही तक्रार काही वर्षांत येतेच.

सोसायटीत सभासद असतात, निवडणूक असते, सर्वसाधारण सभा असते. सभासदांच्या बळावर चालणाऱ्या संघटनेचा हा स्वाभाविक साचा. धोका एकच: निवडणूक वादात अडकली की दोन कार्यकारिण्या तयार होतात आणि बँक खाते गोठते.

कलम ८ ची कंपनी, म्हणजे कंपनी अधिनियम २०१३ खालची ना-नफा कंपनी, देशभर एकाच केंद्रीय कायद्याने चालते. सगळी कागदपत्रे ऑनलाइन आणि कोणालाही पाहता येण्याजोगी असतात, त्यामुळे मोठे देणगीदार हिला पसंती देतात. भांडवल न ठेवता हमीने मर्यादित (सभासदांची जबाबदारी हमी दिलेल्या रकमेपुरतीच असलेली) कंपनीही काढता येते. खासगी स्वरूपात किमान दोन सभासद आणि दोन संचालक लागतात. पण शिस्त कडक आहे. वार्षिक हिशेबाचा एओसी-४ हा फॉर्म वार्षिक सभेनंतर ३० दिवसांत, वार्षिक विवरण ६० दिवसांत. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये जादा शुल्क. सलग तीन वर्षे भरले नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. शिवाय ज्ञापन (संस्थेचे नाव-उद्देश सांगणारा मूळ दस्तऐवज) किंवा नियमावली बदलायची तर आधी सरकारची मंजुरी हवी.

आमचे मत: राज्याराज्यांतून निवडून आलेल्या प्रतिनिधींनी चालवायची असेल तर सोसायटी, मोजक्या व्यावसायिक मंडळाने कार्यक्रम चालवायचे असतील तर कंपनी. ‘सीएने सांगितले म्हणून’ हे कारण पुरेसे नाही.

सोसायटी नोंदवायला नेमके काय लागते?

किमान सात सज्ञान व्यक्ती, ज्ञापन आणि नियमावली. ज्ञापनात संस्थेचे नाव, उद्देश आणि पहिल्या नियामक मंडळाची नावे, पत्ते, व्यवसाय असतात. नियमावलीची प्रत खरी असल्याचे मंडळाच्या किमान तिघी सहीनिशी प्रमाणित करतात. सोबत प्रत्येकीचे ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, संमतीपत्र, कार्यालयाच्या जागामालकाचे ना हरकत पत्र आणि वीजबिल.

महाराष्ट्रात काम इथे संपत नाही. धर्मादाय उद्देशाची सोसायटी ही महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० नुसार सार्वजनिक न्यासही ठरते. म्हणून तीन महिन्यांच्या आत कलम १८ खाली अर्ज करावा लागतो. दोन्ही कामे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातच होतात, पण दोन वेगळी प्रमाणपत्रे मिळतात. सोसायटीचे प्रमाणपत्र हाती आले की बरेच जण थांबतात. पुढे बँक किंवा प्राप्तिकर खाते दुसरे मागते तेव्हा धावपळ सुरू होते.

अर्ज परत येण्याची कारणे किरकोळ असतात. आधारवर ‘सौ. सुनीता वि. पाटील’ आणि पॅनवर ‘सुनीता विजय पाटील’. सातपैकी चौघी एकाच घरातल्या. उद्देशात ‘सभासदांचे कल्याण’ असे लिहिलेले, ज्यामुळे संस्था धर्मादाय न वाटता खासगी मंडळ वाटते. ‘मुलींचे शिक्षण, आरोग्य, नेतृत्व आणि समाजसेवा’ असे लाभार्थी स्पष्ट सांगणारे शब्द वापरा.

नावात ‘राष्ट्रीय’ किंवा ‘अखिल भारतीय’ घालता येते का?

‘राष्ट्रीय’ शक्यतो टाळा. १९५० च्या बोधचिन्हे व नावे (अनुचित वापर प्रतिबंध) अधिनियमानुसार, सरकारचा आश्रय आहे असे सुचवणारे नाव कोणत्याही निबंधकाला नोंदवता येत नाही. कंपनीच्या नावात ‘नॅशनल’ हवे असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. ‘अखिल भारतीय’साठी निबंधक वेगवेगळ्या राज्यांतले संस्थापक सभासद मागतात. कायद्यात आकडा सातचा असला तरी व्यवहारात आठ राज्यांतल्या आठ जणी तयार ठेवाव्यात. बोधचिन्हात अशोकस्तंभ नको, आणि ‘गाइड’ शब्द किंवा गाइड्सच्या त्रिदल चिन्हासारखे काही तर मुळीच नको.

फक्त मुलींना प्रवेश देणे हा भेदभाव ठरत नाही का?

नाही. संघटना स्थापण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद १९(१)(ग) मध्ये आहे, आणि स्त्रिया व मुलांसाठी विशेष तरतुदीची मुभा अनुच्छेद १५(३) शासनालाही देतो. प्राप्तिकराचा नियम मात्र लक्षात ठेवा. एकाच धर्माच्या किंवा जातीच्या लाभासाठीच्या न्यासाला करसवलत नाकारली जाते, पण स्त्रिया व मुलांसाठीची संस्था त्या व्याख्येत येत नाही. याचाच अर्थ ‘अमुक समाजाच्या मुलींसाठी’ असे लिहिले की विनाकारण प्रश्न उभे राहतात.

मुली स्वतः सभासद होऊ शकतात का? त्यांना मत असते का?

संघटना मुलींची, पण कायद्याच्या नजरेत मुली अज्ञान. १८ वर्षांखालील व्यक्तीला भारतीय करार अधिनियम १८७२ नुसार करार करता येत नाही. संचालक किंवा विश्वस्त म्हणून सही करणे दूरच. म्हणून नियमावलीत वर्ग वेगळे करा: ‘बाल सभासद’ ज्यांना कार्यक्रमांत भाग आहे पण सर्वसाधारण सभेत मत नाही, आणि ‘सामान्य सभासद’ ज्या १८ वर्षे पूर्ण झालेल्या, वर्गणी भरणाऱ्या आणि मतदानाला पात्र आहेत. दोन्ही वर्गांच्या नोंदवह्याही वेगळ्या ठेवा. ‘सर्व मुली सभासद असतील’ असे एका ओळीत लिहून टाकले तर सभेच्या गणपूर्तीत हजारो अज्ञान मुली मोजायच्या का, असा वाद कोणीही उकरून काढू शकतो.

पण मत नाही म्हणून आवाज नाही असे होऊ देऊ नका. मुलींची सल्लागार परिषद नियमावलीतच घाला, तिचे ठराव मंडळापुढे ठेवणे सक्तीचे करा आणि मंडळाने ६० दिवसांत लेखी उत्तर द्यावे असे कलम लिहा. उत्तराची मुदत नसेल तर परिषद समारंभापुरती उरते. मंडळावर १८ ते २५ वयोगटातल्या किमान दोघी असाव्यात.

राष्ट्रीय परिषद, नियामक मंडळ, कार्यकारी समिती: इतके थर कशाला?

वर्षातून एकदा भेटणाऱ्या साठ जणी दैनंदिन कारभार चालवू शकत नाहीत, आणि दरमहा भेटणाऱ्या पाच जणींच्या हाती सर्व अधिकार देणे बरे नाही.

परिषद म्हणजे संघटनेची सर्वसाधारण सभा. प्रत्येक राज्याला दोन जागा, शिवाय दर एक हजार बाल सभासदांमागे एक, पण कोणत्याही राज्याला एकूण पाचपेक्षा जास्त नाही, अशी कमाल ठेवा. ही कमाल नसेल तर जिथे काम आधी सुरू झाले ते राज्य कायमचे बहुमतात राहते. आणि मोजणी कोणत्या तारखेची, हेही लिहा. ३१ मार्च ठरवा, नाहीतर निवडणुकीच्या आठवड्यात एखाद्या जिल्ह्यात अचानक चारशे मुली दाखल होतात.

मंडळ ११ ते १५ जणींचे, मुदत तीन वर्षे, सलग दोनच मुदती, आणि दरवर्षी एक तृतीयांश जणी निवृत्त होतील अशी रचना. सगळ्या एकदम बदलल्या की बँकेच्या सहीपासून खटल्याच्या तारखेपर्यंत सगळे नव्या माणसाला शोधत बसावे लागते.

कार्यकारी समितीला काय करता येणार नाही, याची यादी द्या: जमीन विकणे, कर्ज काढणे, शाखा बरखास्त करणे, नियमावली बदलणे. संस्थापक अध्यक्षांना तहहयात पद देण्याचा मोह होतो. त्याऐवजी मत नसलेले ‘संस्थापक मार्गदर्शक’ पद द्या.

संस्थेच्या वतीने दावा कोणाच्या नावे दाखल होईल हेही नियमावलीत हवे. ते नसेल तर १८६० च्या कायद्याच्या कलम ६ नुसार नियामक मंडळाला त्या वेळी ठराव करून माणूस नेमावा लागतो, आणि मंडळातच फूट असेल तर तोच अडतो.

राज्य आणि जिल्हा शाखा वेगळ्या नोंदवाव्यात का?

संघटना फुटते ती बहुधा इथेच, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पहिला मार्ग: एकच कायदेशीर संस्था, एकच पॅन, शाखा म्हणजे तिची कार्यालये. शाखांची बँक खाती मुख्य संस्थेच्या नावाने, सही दोघींची, त्यात एक केंद्राने नेमलेली. वर्षअखेर सगळ्यांचे हिशेब एकत्र करून एकच लेखापरीक्षण. शाखा निधी दडपू शकत नाही, पण एका तालुक्यातल्या सहलीचे बिल हरवले तरी ताळेबंद अडतो. शाखेत झालेल्या चुकीची जबाबदारीही थेट केंद्रावर.

दुसरा मार्ग: प्रत्येक राज्यात स्वतंत्र सोसायटी आणि केंद्राशी संलग्नता करार. राज्याला स्वायत्तता मिळते, जोखीम वाटली जाते. पण मग पैसा सहज सरकत नाही. एका नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने दुसरीला देणगी दिली तर देणाऱ्या संस्थेच्या हिशेबात त्यातला ८५ टक्केच भाग खर्च म्हणून धरला जातो. परदेशी देणगी तर पुढे देताच येत नाही. परदेशी देणगी नियमन कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने ती दुसऱ्या कोणत्याही संस्थेला हस्तांतरित करायला बंदी केली. तुमची राज्य संघटना स्वतंत्र नोंदलेली असेल तर या कायद्यापुढे तीही ‘दुसरी संस्था’च.

संलग्नता करारात पाच गोष्टी चुकवू नका: नाव व चिन्ह वापरण्याचा परवाना रद्द करण्याची पद्धत, मुलींच्या याद्यांची मालकी, बालसंरक्षण धोरण जसेच्या तसे पाळण्याची अट, वार्षिक हिशेब देण्याची तारीख, आणि संलग्नता संपल्यावर संघटनेच्या नावाने जमलेल्या निधीचे काय. शेवटची अट नसली की फुटलेली शाखा शिबिराच्या जागेसह निघून जाते, आणि कागदावर ती जागा तिचीच असते.

पहिली पाच वर्षे पहिला मार्ग धरावा. काम दहाएक राज्यांत पसरल्यावर दुसऱ्याचा विचार करावा.

सभेत काय चुकते?

बहुतेक वाद सूचनेवरून होतात. नियमावलीत ‘१५ दिवस आधी लेखी सूचना’ आहे आणि सचिवांनी आठ दिवस आधी व्हॉट्सअॅपवर निरोप टाकला. ठराव एकमताने झाला, फोटो निघाले. वर्षाने कोणी हरकत घेतली की तपासात तीन कागद मागतात: सूचनेची प्रत, ती पाठवल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या. एकही नसेल तर ठरावच टिकत नाही. ईमेल व व्हॉट्सअॅप चालेल असे हवे असेल तर नियमावलीत तसे लिहा आणि कोणत्या क्रमांकावर पाठवायचे त्याची नोंदवही ठेवा.

दुसरी चूक वर्गणीची. १८६० च्या कायद्याचे कलम १५ सांगते की तीन महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकलेल्या व्यक्तीला मत नाही आणि तिला सभासद म्हणून मोजायचेही नाही. सभेच्या आदल्या दिवशी थकबाकीची यादी सहीनिशी बंद करा. गणपूर्ती एक तृतीयांश ठेवा. अर्धी ठेवली तर दूरच्या राज्यांतल्या प्रतिनिधी न आल्याने सभा तहकूब होत राहते. कलम ८ च्या कंपनीला सर्वसाधारण सभेसाठी १४ पूर्ण दिवसांची सूचना पुरते आणि मंडळाची सभा सहा महिन्यांतून एकदा घेतली तरी चालते. पण तेवढ्यावर कोणी संघटना चालवू नये.

इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ असे लिहून भागत नाही. सूचक, अनुमोदक, बाजूने व विरोधात किती, आणि ठरावाचे नेमके शब्द हवेत.

निवडणुकीनंतर कोणाला कळवायचे?

वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत नव्या मंडळाची यादी निबंधकाकडे द्या. त्याखेरीज महाराष्ट्रात १९५० च्या विश्वस्त व्यवस्था अधिनियमातल्या कलम २२ चा बदल अर्ज ९० दिवसांत. त्याला सूचना, इतिवृत्त, नव्यांची संमतीपत्रे, जुन्यांचे राजीनामे किंवा मुदत संपल्याचा ठराव जोडावा लागतो. उशीर झाला तर विलंब माफीचा वेगळा अर्ज. दोन-तीन निवडणुकांचे बदल अर्ज साचले की आधीचा मंजूर झाल्याशिवाय पुढचा सरकत नाही आणि नोंदवहीत दहा वर्षांपूर्वीचीच नावे राहतात. त्यातली एखादी हयात नसते. बँक नेमका तोच उतारा मागते.

स्थावर मालमत्ता विकायची असेल, किंवा इमारत वा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कर्ज काढायलाही लागते.

करसवलत केव्हा आणि कशी?

नोंदणी होताच १०ए फॉर्म भरून १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या दोन्हींची तात्पुरती मान्यता घ्या. ती तीन वर्षांची असते. काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, किंवा मुदत संपायच्या किमान सहा महिने आधी, यांतले जे आधी येईल तेव्हा १०एबी भरून नियमित नोंदणी मागायची. ही दुसरी पायरी विसरणाऱ्या संस्था खूप. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम २०२५ लागू आहे आणि कलमे-फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा भरण्याआधी ताजे क्रमांक पाहून घ्या.

उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्देशासाठी खर्च झाली पाहिजे. दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीवर दात्याला ८०जी मिळत नाही, हे पावतीपुस्तकावरच छापा.

गणवेश, बॅज, शिबिरशुल्क यांतून पैसे आले तर?

चालतात, पण हिशेब वेगळा. प्राप्तिकर खात्याने तुमचे काम ‘शिक्षण’ न मानता ‘सर्वसाधारण लोकोपयोगी उद्देश’ मानले, तर शुल्क-विक्रीसारखी व्यापारी स्वरूपाची आवक एकूण उत्पन्नाच्या २० टक्क्यांच्या आत राहावी लागते. शिबिरांवर चालणाऱ्या संघटना ही मर्यादा नकळत ओलांडतात. नाव आणि बॅज यांचे ट्रेडमार्क संस्थेच्याच नावे नोंदवा, संस्थापकांच्या नावे नको. शिक्षण-शिबिरांसाठी वर्ग ४१, कपड्यांसाठी वर्ग २५. ऑनलाइन अर्जाला संस्थेसाठी दर वर्गामागे ९,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची.

परदेशी देणगी कधी घेता येते?

परदेशी देणगी नियमन कायद्याखालच्या नोंदणीसाठी संस्था तीन वर्षे जुनी हवी आणि त्या काळात मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येतो. प्रशासनिक खर्च २० टक्क्यांच्या आत. वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत. नोंदणीआधी एखाद्या परदेशस्थ हितचिंतकाने हजार डॉलर थेट पाठवले तरी तो कायदाभंगच. दात्याचे नागरिकत्व विचारा: अनिवासी पण भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीची स्वतःच्या बचतीतली देणगी परदेशी मानली जात नाही, परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची मानली जाते.

बालसंरक्षणाच्या कायद्याने संघटनेवर काय बंधने येतात?

पोक्सो कायदा २०१२ नुसार १८ वर्षांखालील मुलीवर लैंगिक गुन्हा झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे कळले, तर पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. ‘आधी आपली समिती चौकशी करेल, मग बघू’ हा सर्वांत घातक ठराव. अंतर्गत समिती त्या व्यक्तीला कामावरून दूर ठेवू शकते, तक्रार थांबवू शकत नाही. मुलीला पुन्हा पुन्हा प्रसंग सांगायला लावू नका. तिचे शब्द एकदाच, जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवा.

२०२० च्या पोक्सो नियमांनुसार मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थेने कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची आहे. एकदा करून भागत नाही. ही अट स्वयंसेविका, स्वयंपाकी, बसचालक यांनाही लावा. मुलीबरोबर एकच प्रौढ एकांतात राहणार नाही, किमान दोघी असतील, हा नियम शिबिराच्या प्रत्येक तंबूला आणि प्रवासाला लागू हवा.

दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील तर कामाच्या ठिकाणच्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समितीही लागते. त्या कायद्यात स्वयंसेवकही कर्मचारी धरले जातात, त्यामुळे ‘आमच्याकडे पगारी दोघीच’ ही सबब चालत नाही.

मुलींची माहिती आणि फोटो?

डिजिटल वैयक्तिक माहितीचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. प्रवेशअर्जावर तीन वेगळ्या चौकटी ठेवा: नोंदणी, वैद्यकीय माहिती, फोटो प्रसिद्धी. एकाच सहीत तिन्ही घेऊ नका.

उद्देश बदलायचे किंवा संस्था बंद करायची तर?

उद्देशबदलासाठी प्रस्ताव दहा दिवस आधी लेखी पाठवायचा, विशेष सभेत सभासदांच्या तीन-पंचमांश मतांनी मंजूर करायचा आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत हजर असलेल्यांच्या तीन-पंचमांश मतांनी कायम करायचा. परिषद साठ जणींची असेल तर पहिल्या सभेत ३६ मते लागतात. हजर ४० पैकी २४ पुरत नाहीत. विसर्जनालाही तीन-पंचमांश. देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, दुसऱ्या संस्थेलाच द्यावी लागते, आणि ती संस्था करसवलतीची नोंदणी असलेली निवडा. विसर्जन झालेल्या महिन्याच्या अखेरीपासून बारा महिन्यांत तसे हस्तांतर झाले नाही तर साठलेल्या निव्वळ मालमत्तेवर कमाल दराने कर बसतो.